दुखायची थांबलेली दाढ

नमस्कार श्रोतेहो.

माझा दातांचा दवाखाना नवी मुंबईत कोपरखैरण्यात आहे आणि तिथे एक वाक्य मला नेहमी ऐकायला मिळतं. "डॉक्टर, आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता, पण कालपासून आपोआप बरं वाटतंय. मग आता राहू द्या ना." मला धस्स होतं ते इथेच. आठवडाभर ठणकणारी दाढ एकाएकी गप्प झाली, तर ती बरी झालेली नसते, बहुतेक वेळा तिची नस मेलेली असते. दातांच्या बाबतीत दुखण्यावर विश्वास ठेवून चालत नाही. दुखणं येतं उशिरा आणि जातं भलत्याच वेळी. आपले नेहमीचे उपचार, म्हणजे सिमेंट भरणं, रूट कॅनाल, कॅप, दात साफ करणं, हे सगळे मी आज याच बाजूने सांगणार आहे.

दाताचं वरचं पांढरं आवरण, इनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण भाग. त्यात नस नाही, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काही कळत नाही. आणि एकदा खड्डा पडला की हे आवरण पुन्हा भरून येत नाही, हाड जुळतं तसं दाताचं होत नाही. इनॅमलच्या आतल्या थराला सूक्ष्म नळ्या असतात. कीड तिथवर गेली की गार पाण्याने शिवशिवतं, गोड खाल्लं की कळ येते. सिमेंट भरायची ही योग्य वेळ. किडका भाग कोरून काढायचा, दाताच्या रंगाचं मटेरियल थर देत भरायचं आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश टाकून तो घट्ट करायचा. एका बैठकीचं काम, पुष्कळदा इंजेक्शनही लागत नाही. मात्र प्रत्येक काळा ठिपका म्हणजे कीड नव्हे. चहा-तंबाखूचे डागही काळेच असतात. ठिपका दिसला की लगेच मशीन लावणाऱ्याला, "एक्स-रेत काय दिसतंय, दाखवा," असं खुशाल विचारा. उलट दोन दातांच्या फटीतली कीड वरून दिसतच नाही, ती एक्स-रेतच सापडते.

ही वेळ चुकली की कीड दाताच्या नसेला जाऊन भिडते. आपण नस म्हणतो ती खरं तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची मऊ गाठोडी असते, चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेली. बोटाला सूज आली तर बोट फुगतं, इथे फुगायला जागा नाही. म्हणून तो ठणका. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून तो रात्री जास्त. काही दिवसांनी नस मरते, ठणका थांबतो आणि घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. दोन-चार महिन्यांनी हिरडीवर फोड येतो, नाहीतर सकाळी उठल्यावर गाल सुजलेला असतो.

मधल्या काळात मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या चालू असतात. नस मेलेल्या दातात रक्तच खेळत नाही, मग अँटिबायोटिक आत पोचणार कसं? सूज थोडी ओसरते, जंतूंचं आतलं घर तसंच राहतं. लवंगेच्या तेलाला माझी हरकत नाही. त्यातल्या युजेनॉलने खरंच बधिरपणा येतो, आमच्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच असतं. एक रात्र काढायला बरं. डोकेदुखीची गोळी दाढेपाशी दाबून धरू नका मात्र, हिरडी भाजून पांढरी पडते. आणि सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली, गिळायला त्रास झाला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जा, श्वास अडकू शकतो.

आता रूट कॅनाल. नाव काढलं तरी माणसं घाम पुसतात. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. आधी भूल. मग दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, थुंकी आत जाऊ नये म्हणून. वरून छोटं छिद्र पाडून मुळांतल्या वाटा शोधायच्या. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण वाटा पुष्कळदा चार. चौथी अशी लपलेली असते की भिंगाशिवाय हाती लागत नाही, आणि ती राहून गेली तर केलेली दाढ पुन्हा दुखते. वाट सापडली की सुईसारखी बारीक फाइल आत सोडायची. सोबत एक छोटं यंत्र असतं, फाइल मुळाच्या टोकाशी आली की ते टूंऽ करून सांगतं. वाट घासून रुंद करायची, मधूनमधून ब्लीचच्याच जातीच्या सौम्य द्रावणाने धुवायची आणि कोरडी झाली की गट्टा पर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या पदार्थाने ठासून बंद करायची. बहुतेकांना यात दुखत नाही. फार पू असेल तर भूल नीट चढत नाही, हेही खरं. अशा वेळी "दुखतंय" म्हणून हात वर करा, डॉक्टर थांबतात, आणखी भूल देतात किंवा पुढची तारीख देतात. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठसठसतं, तेवढंच.

खरा घोळ यापुढे होतो. पहिल्या बैठकीत ठणका जातो, डॉक्टर वर तात्पुरतं पांढरं सिमेंट लावतात आणि पेशंट गायब! आमच्या कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कामगारांची घरं पुष्कळ, गाव सातारा नाहीतर सांगलीकडे. चैत्रात यात्रा, मग सुट्टी, मग शेतीची कामं. पावसाळा उतरल्यावर माणूस येतो तो दाढेचे दोन तुकडे घेऊन. आतून पोखरलेली दाढ कडक भाकरी, चिकनचं हाड, सुपारी यांना किती दिवस पुरणार? मुळापर्यंत उभी चीर गेली की ती काढण्याशिवाय इलाज नसतो. आधीचे पैसे, वेळ, इंजेक्शनं, सगळं वाया. म्हणून रूट कॅनाल झालेल्या मागच्या दाढेला कॅप हवीच, ती दुखत नसली तरी. झिर्कोनियाच्या, म्हणजे दाताच्या रंगाच्या महागड्या कॅपचा आग्रह कुणी धरला आणि खिशाला झेपत नसेल, तर स्पष्ट सांगा. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप छान टिकते. हसताना ती दिसतेय कुणाला?

दात साफ करण्याबद्दल एक तक्रार घरोघरी असते, "क्लीनिंग केलं आणि दात हलायला लागले." दात आधीच हलत होते, किटणाच्या थराने त्यांना जखडून ठेवलं होतं. त्या किटणाखाली हिरडी सुटत जाते, हाड झिजत जातं आणि यातलं काहीही दुखत नाही. ब्रशला रक्त लागतं, तोंडाला वास येतो, एवढीच काय ती खूण. रक्त येतं म्हणून लोक तिथे घासायचं सोडतात आणि किटण आणखी वाढतं. साफ करायचं मशीन कंप पावतं, तासत नाही, त्याने इनॅमल निघत नाही. नंतर थोडे दिवस गार लागतं, ते ओसरतं. डायबेटिस असेल तर हे टाळूच नका. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

तुर्भ्याच्या मार्केटमध्ये पहाटेपासून पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला तंबाखू सोड म्हणणं सोपं आहे, म्हणून मी भाषण देत नाही, आरसा देतो. गाल आत ओढून बघा, तंबाखू ठेवता तिथे पांढरा चट्टा आहे का? आपली तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का? गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेली तरुण मुलं येतच असतात. आणि मावश्यांनो, मिशरी म्हणजे दंतमंजन नव्हे, ती भाजलेली तंबाखूच आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, हे दुखत नसलं तरी दाखवा. दुखत नसेल तर जास्तच लवकर दाखवा.

दाढ काढावी लागलीच तर डोळ्यांची काळजी करू नका. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही, दोन्हींच्या नसा वेगळ्या. कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. त्या दिवशी थुंकू नका, चूळ भरू नका, विडी-सिगारेट तर नाहीच. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघाली तर तिसऱ्या दिवशी हाड ठणकतं, आणि ते दुखणं दाढदुखीपेक्षा वाईट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. रिकामी जागा तशीच ठेवली तर शेजारचा दात कलंडतो, समोरचा लोंबतो. तिथे कवळी, ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला दात, किंवा लोक ज्याला स्क्रूचा दात म्हणतात तो इम्प्लांट बसतो. टायटॅनियमला हाड घट्ट धरून बसतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांच्या लक्षात आलं आणि 1965 मध्ये त्यांनी माणसाला पहिला असा दात बसवला. इम्प्लांट उत्तम, पण महाग. ब्रिज किंवा कवळी लावली म्हणून कमीपणा मानू नका.

खर्चाचा प्रश्न असेल तर नेरूळला आणि खारघरला डेंटल कॉलेजं आहेत. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या जास्त होतात, पैसे बाहेरच्यापेक्षा बरेच कमी लागतात. सकाळी लवकर जा आणि जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा.

आईवडिलांसाठी दोन गोष्टी. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाची समजून सोडून देतात. ती कायमची असते. तिच्या खाचा खोल असतील तर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, लावून घ्या, कोरावं लागत नाही. आणि मैदानावर पडून मुलाचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका, पुसू नका, साबणाने धुऊ नका. धूळ असेल तर दुधाने किंवा पाण्याने हलकेच खळबळा आणि जमलं तर तिथेच, खड्ड्यात बसवून रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर गार दुधाच्या पेल्यात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत जवळच्या डेंटिस्टकडे पोचा. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायला जाऊ नका, खालच्या नव्या दाताला इजा होते.

नमस्कार.