सुतळी, भंगार आणि बडोद्याचे शिल्पकार

सयाजीबागेच्या दाराशी घोड्यावर बसलेले सयाजीराव. फ्रान्सिस डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने 1907 साली घडवलेला हा पुतळा. रिक्षावाल्याला 'काळा घोडा' एवढं सांगितलं तरी पुरतं. आमच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत शिल्पकार म्हणजे अजूनही पुतळे करणारा. एक तर महाराज, नाहीतर देव!

आता चला फाइन आर्ट्सला. सयाजीराव विद्यापीठाच्या या कॉलेजात शिल्पकला विभाग उभा केला शंखो चौधुरींनी. इथलेच के. जी. सुब्रमण्यन चित्रं काढायचे, भित्तिचित्रं करायचे, लिहायचे आणि खेळणीही बनवायचे. 1961 पासून इथे फाइन आर्ट्स फेअर, म्हणजे कॉलेजची कलेची जत्रा, भरू लागली. तिच्यासाठी लाकडाचे तुकडे, मणी, चामडं, दोरा घेऊन सुब्रमण्यन त्यातून प्राणी उभे करत. खुद्द सर खेळणी करताहेत म्हटल्यावर विद्यार्थ्यांची भीड चेपणारच. बडोद्याच्या शिल्पातला खट्याळपणा इथूनच आला, असं मला वाटतं.

इथल्याच राघव कनेरियांनी यंत्रांचं भंगार वेल्ड करून शिल्पं केली. आणि सुब्रमण्यनांची विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी? तिने छिन्नी-हातोडा बाजूलाच ठेवला.

तिचं शिल्प जरा जवळून बघा. ही जाड, रंगवलेली सुतळी. गाठीला गाठ, तिच्यावर पुन्हा गाठ. माग नाही, सुई नाही, फक्त बोटं. आपल्या मावश्या मॅक्रमची कुंडीची शिंकी करतात, तसलंच काम. पण इथे ते माणसाच्या उंचीला जातं, त्याला घड्या पडतात, ओठ फुटतात, पाकळ्या उमलतात. एकीचं नाव यक्षी, एकीचं वनश्री. झाड म्हणावं की बाई, ठरत नाही. एकेका शिल्पाला महिनोन्महिने लागत. 2015 मध्ये मृणालिनी गेली. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं.

जी. रविंदर रेड्डीही बडोद्यात शिकलेले. फायबरग्लासची भलीमोठी बायकांची डोकी, सोनेरी मुलामा, टक्क उघडे डोळे, अंबाड्यात फुलं. देवी म्हणून हात जोडावेत, तर चेहरा भाजीबाजारात रोज दिसणारा. इथेच शिकलेल्या ध्रुव मिस्त्रींनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया चौकात 1993 मध्ये कारंजं आणि अर्धे माणूस, अर्धे पशू असे राखणदार बसवले. पुढे ते बडोद्याला परतले.

शहराने मात्र या मंडळींना नेहमीच जपलं असं नाही. फतेगंजला शिल्पकार नागजी पटेलांचे दगडी वड होते. उड्डाणपूल आला, वड गेले. त्याबद्दल अजून राग येतो.

नवी नावं कुठे शोधायची? फाइन आर्ट्समध्ये वर्ष संपताना विद्यार्थ्यांचं काम मांडलं जातं, तेव्हा जा. करणारी पोरं तिथेच उभी असतात. त्यांना 'हे काय आहे' विचारलंत तर ती खांदे उडवतील. 'हे कशाचं केलंय' विचारा, मग बघा किती बोलतात.