साक्षीला जाताना

समन्स हातात पडलं की माणसं मला पहिलं हेच विचारतात, "मॅडम, नाही गेलं तर चालेल का?" नाही चालणार. समन्स मिळूनही गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. पण घाबरून जाऊ नका. तिथे तुम्ही आरोपी नसता, आणि तुमच्या साक्षीवाचून खटला अडून राहतो.

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मेट्रोने सहज पोहोचता येतं. समन्सवर कोर्ट आणि खटल्याचा नंबर असतो. तो दाखवून पैरवी हवालदाराला, म्हणजे कोर्टात खटल्याचं काम पाहणाऱ्या पोलिसाला, गाठा आणि सरकारी वकिलांना भेटा. पोलिसांनी घेतलेला तुमचा जबाब वाचायला मिळेल का, हे त्यांना जरूर विचारा. घटनेला कित्येक वर्षं उलटून गेलेली असतात.

मग बाकावर बसून वाट पाहायची. डबा, पाणी, चष्मा जवळ ठेवा. दिवसभर थांबून नुसती पुढची तारीख मिळते असंही होतं. त्याचा राग येतो आणि तो रास्तच आहे. फिर्यादी बाईला आरोपीच्या नातेवाइकांशेजारी ताटकळत बसावं लागतं, हे मला आजही सहन होत नाही. कुणी दमदाटी केली तर लगेच सरकारी वकिलांना सांगा. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आहे. तिच्याखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो.

पुकारा झाला की पिंजऱ्यात उभं राहून शपथ. देवाची नको असेल तर प्रतिज्ञा घ्या. आधी सरकारी वकिलांची सरतपासणी, म्हणजे ते प्रश्न विचारून तुमची हकीकत सांगायला लावतात. सावकाश बोला, कारण तुमचं म्हणणं तिथल्या तिथे टाइप होत असतं.

खरी धास्ती असते ती उलटतपासणीची. आरोपीचे वकील म्हणतात, "तुम्ही घटनेच्या वेळी तिथे नव्हताच. पोलिसांच्या सांगण्यावरून खोटं बोलताय." ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड होतो. पण आपल्या अशिलाची बाजू साक्षीदारापुढे मांडणं हे त्या वकिलाचं कामच आहे. तुम्ही शांतपणे "नाही, हे खरं नाही" एवढंच म्हणा. कागदावर उतरतं, "मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." संपलं. वाद घालायला गेलात की नको ते बोलून बसता. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. तेही पूर्ण उत्तर आहे. अंदाजाने वेळ किंवा अंतर ठोकून देऊ नका. साक्षी इथेच मोडतात. खटला जिंकून देण्याचं ओझं तुमच्यावर नाही; जे पाहिलं, सोसलं, तेवढं सांगा. निव्वळ अपमान करणारा प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात. बलात्काराच्या खटल्याचं कामकाज बंद दाराआड चालतं, आणि पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यात साक्ष देताना मूल आरोपीसमोर येणार नाही, ही जबाबदारी कोर्टाची असते.

साक्ष वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगा, तिची नोंद होते. निघताना प्रवासभत्त्याची चौकशी करा, नोकरीवर दाखवायला हजेरीचा दाखला मागा. पीडितांना सरकारी वकिलांच्या मदतीला कोर्टाच्या परवानगीने स्वतःचा वकीलही देता येतो. तो परवडत नसेल तर मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.