काळी शी, फुगलेले पोट आणि दहाव्या गुणसूत्रावरचे एक जनुक

(दृश्य : सोलापूर. बालशल्यचिकित्सा विभागाबाहेरचा बाक. मांडीवर बाळ, हातात फाईल.)

सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात आणि बाळाचे पोट फुगले की तिन्ही घरांत पहिला उपाय सहसा तोच असतो : बेंबीभोवती हिंगाचा लेप, नाहीतर चमचाभर घुट्टी. बहुतेक वेळा निभावून जाते. मात्र जन्मानंतर दोन दिवस उलटूनही ज्याला काळी शी झालेली नाही, ज्याचे पोट टणक होत चालले आहे आणि जे हिरवी उलटी करते, त्या बाळाला हिर्शस्प्रुंगचा आजार असू शकतो. तिथे घुट्टीचा उपयोग होत नाही, कारण दोष मळात नसून आतड्याच्या भिंतीत असतो.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो, आणि त्याच्या नेहमीच्या, म्हणजे आतड्याचा शेवटचा आखूड भागच बाधित होणाऱ्या प्रकारात मुलींपेक्षा मुलगे जवळजवळ चौपट असतात. गर्भाच्या पाचव्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यान चेतापेशींच्या पूर्वज पेशी अन्ननलिकेपासून गुदद्वाराच्या दिशेने सरकत जातात. त्या वाटेत थांबल्या, तर पुढचा भाग चेतापेशींविना राहतो, आकसलेलाच असतो, आणि त्याच्या वरचे निरोगी आतडे तुंबून फुगते. गुदाशयाचा बारीक तुकडा तपासून निदान पक्के केले जाते.

या पेशींना पुढे जाण्याचा निरोप पोहोचवण्यात दहाव्या गुणसूत्रावरील रेट नावाच्या जनुकाचा मोठा वाटा आहे. त्यातील बिघाड या आजाराला कारणीभूत ठरतात, हे १९९४ मध्ये दाखवले गेले. पण असे ठळक बिघाड थोड्याच रुग्णांत सापडत होते. २००५ मध्ये या जनुकाच्या नियामक भागातील एक छोटा फरक पुढे आला. त्याने प्रथिनाची घडण बदलत नाही, जनुकाचे काम थोडे मंदावते. हा फरक युरोपात सर्रास आढळतो, आशियात त्याहून अधिक आणि आफ्रिकेत क्वचितच. म्हणजे या बाकावर बसलेल्या कितीतरी धडधाकट माणसांत तो असणार, आणि म्हणूनच ‘आजाराचे जनुक सापडले’ ही बातमीतली ओळ फसवी आहे. तो एकटा आजार घडवत नाही. इतर फरकांची भर पडली, तर पारडे झुकते.

काही प्रकार मात्र वेगळे असतात. मुंबईच्या डॉ. के. एन. शहा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अशा बारा बाळांची नोंद केली, ज्यांच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट होती आणि आतड्याचा मोठा भाग चेतापेशींविना होता. या विकाराच्या काही कुटुंबांत आईवडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या आपल्या पट्ट्यात डॉक्टर नात्यातल्या लग्नाबद्दल विचारतात, ते यासाठी. ग्रहणात बाहेर पडल्याचा ठपका सुनेवर ठेवणाऱ्या सासूबाईंना हेही सांगायला हवे की यात वडिलांचाही वाटा असतो आणि ग्रहणाचा काडीमात्र संबंध नाही.

(दृश्य : समुपदेशनाची खोली. कागदावर वंशवेल काढली जात आहे.)

१९४८ मध्ये ऑर्व्हर स्वेन्सन यांनी चेतापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आजच्या पद्धती तिच्यातूनच विकसित झाल्या. ती पार पडली की आईवडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : दुसऱ्या बाळाला होईल का? सरासरीने सख्ख्या भावंडाचा धोका सुमारे चार टक्के आहे, पण तो सगळ्या घरांत सारखा नसतो. मुलीला आणि तेही आतड्याच्या मोठ्या भागात आजार असेल, तर तिच्या पाठच्या भावाचा धोका पुष्कळ वाढतो, कारण मुलीत आजार उमटायला जनुकीय भार अधिक लागतो आणि तो भार त्या घरात आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा कुटुंबाने पुढचे बाळंतपण बालशल्यचिकित्सक जवळ असलेल्या ठिकाणी करावे, आणि बाळाला पहिली काळी शी किती वाजता झाली ते फाईलवर लिहून घ्यावे.