चार भाषांची माणसं, दोन भाषांचा बायोडाटा

(बेळगावातील एका युवक मेळाव्यात दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आणि खानापूर, येळ्ळूर, कंग्राळीपासून आलेल्या मुला-मुलींनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘नोकरीसाठी अर्ज करताना टाळायच्या चुका’. त्या मी सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट बोलून घेतो, कारण माझ्या मते बाकीच्या चुका तिच्याच पोटातून येतात. आपली मुलं अर्जात जे लिहायला हवं ते लिहीत नाहीत, आणि कुणी न विचारलेलं मात्र पानभर लिहितात.

माझी उमेदीची वर्षं उद्यमबागेत, म्हणजे आपल्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत गेली. भरतीचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढं जायचे. एकदा एका कारखान्याला व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकीय मशीनवर, सेटर हवा होता; म्हणजे ऑपरेटरनं चालवायच्या आधी मशीन कामासाठी लावून देणारा माणूस. अर्जांचा ढीग पडला. त्यात जांबोटीकडच्या एका पोराचा तीन पानी बायोडाटा होता. वर नक्षीदार अक्षरांत ‘बायोडाटा’, मग वडिलांचं नाव, धर्म, जात, अविवाहित. छंद : क्रिकेट आणि गाणी ऐकणे. गुण : मेहनती आणि प्रामाणिक. अनुभवापुढं एकच ओळ, ‘चार वर्षे’. कसली चार वर्षे? पत्ता नाही. शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र आणि त्याखाली ठिकाण : हुबळी!

हसताय, पण घरी जाऊन आपापल्या बायोडाटाचं शेवटचं पान बघा.

तो कागद बाजूच्या गठ्ठ्यात गेलाच होता. पोरगा मात्र गेटवर उभा होता. मी जाता जाता विचारलं, “काय करूलालास रे सध्या?”

“मशीन चालवूलालोय की ओ सर.”

“कसलं?”

“व्हीएमसी.”

“कंट्रोल कुठला?”

“फॅनुक. सिमेन्स बी येतंय.”

“आणि सेटिंग?”

“मीच करतो की. फिक्श्चर बांधतो, ऑफसेट घेतो, पहिला पीस काढून क्वालिटीला देतो. मग ऑपरेटर चालवतोय.”

माप किती राखतोस विचारलं, तर म्हणाला, “बोअरला वीस मायक्रॉन.” आम्हाला हवा होता तो माणूस हाच! ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारात किती फरक असतो ते उद्यमबाग-मच्छेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. एवढं सगळं त्याच्या हातात होतं आणि कागदावर होतं क्रिकेट.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुपरवायझरशी तो अस्खलित कन्नडमध्ये बोलला. फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, बिहारकडची पोरं होती, त्यांच्याशी हिंदीत. मधली दोन वर्षं गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काढलेली, म्हणून कोंकणीही येत होती. आणि बायोडाटात ‘अवगत भाषा’ : इंग्रजी, हिंदी. अरे, मराठी कुठाय? कन्नड कुठाय? तर म्हणतो, “सायबर कॅफेच्या फॉरमॅटमधी तसंच होतं सर.”

माझं दुखणं हे आहे. सगळ्या सीमाभागाचा बायोडाटा एका संगणकात बसलाय, आणि त्यात फक्त नावं बदलतात. काहीजण मात्र नकळत नाही, मुद्दाम गाळतात. भीतीनं मराठी गाळतात, रागानं कन्नड गाळतात. सीमाप्रश्नावर तुमचं-माझं जे मत आहे ते आहे, ते मी लपवत नाही. पण येणारी भाषा न लिहून कुणाचं नुकसान होतं? ज्याला नोकरी हवी त्याचंच.

बेळगावचं ठिकाण बघा. शिनोळीची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, तिथं मराठी. पुढं गोकुळ शिरगाव, कागल. खाली धारवाडला कन्नड. घाट उतरला की गोवा. चारही दिशांना, तीन-चार तासांत पोचाल अशा जागी कारखाने आहेत, आणि प्रत्येक ठिकाणची भाषा बोलता येणारा माणूस इथंच मिळतो. पुण्याच्या ग्राहकाशी मराठीत, हुबळीच्या पुरवठादाराशी कन्नडमध्ये आणि शॉपमध्ये हिंदीत बोलणारा सुपरवायझर मिळाला, तर मालक दुसरा माणूस शोधत नाही.

बँकेचंही तसंच. स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएट भरतीत एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो आणि तिथली भाषा यावी लागते. दहावी-बारावीच्या मार्क्स कार्डवर ती भाषा विषय म्हणून असेल, तर वेगळी भाषा-चाचणी द्यावी लागत नाही. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या कार्डवर मराठी असते, आणि बहुतेकांच्या कन्नडही असते. म्हणजे महाराष्ट्र की कर्नाटक, हा निर्णय तुमच्या हातात आहे. पुण्या-हुबळीच्या किती मुलांच्या हातात तो असेल? आणि आपण काय करतो? मित्रानं जे राज्य भरलं तेच आपणही भरतो. दोन्हीकडच्या जागा किती, गेल्या वेळी कुठं किती गुणांवर यादी थांबली, हे कुणी बघत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. बरं, आता भराभर.

नाव. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या कार्डवर इनिशियल, आधारवर पूर्ण नाव, पॅनवर आडनाव पुढं. अर्जात एसएसएलसीप्रमाणंच लिहा आणि बाकीची कागदपत्रं आत्ताच दुरुस्त करून घ्या, निवड झाल्यावर पळापळ नको.

दाखले. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून आणलेला राज्याच्या टू-ए किंवा थ्री-बी या मागास प्रवर्गाचा दाखला केंद्राच्या नोकरीला चालत नाही. केंद्राची ओबीसी यादी वेगळी आहे, नमुनाही वेगळा. आधी आपली जात त्या यादीत आहे का बघा, मगच रकाना भरा. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला कुठल्या आर्थिक वर्षाचा मागितलाय तेही जाहिरातीत असतं. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत कन्नडची अट पहिल्यांदा वाचा. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो, पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला विहित नमुन्यात लागतो. तो शेवटच्या आठवड्यात मिळत नाही.

ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा दिलात तर हॉल तिकीट त्याच्याकडं जातं. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. अर्ज भरल्यावर अनोळखी नंबरचा फोन उचला, मुलाखतीचं बोलावणं तसंच येतं. आणि त्या फोनवर कुणी ‘डिपॉझिट भरा, ऑर्डर देतो’ म्हणालं तर एक रुपया देऊ नका, मग तो कुठल्याही कंपनीचं नाव सांगो.

आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिप लिहायची राहू देऊ नये. ट्रेड कुठला, किती महिने, कुठल्या मशीनवर, मोजमापाची साधनं कुठली, सगळं लिहा. मुलींनो, घरच्या दुकानाचा हिशेब टॅलीत ठेवत असाल तर तोही अनुभवच आहे, ‘घरकाम’ म्हणून सोडू नका.

ज्यांनी बायोडाटा सोबत आणलाय त्यांनी चहा झाल्यावर मागच्या खोलीत या. एकेक करून बसू, आणि भाषांचा रकाना आधी भरू.