दार कुठलं, खुर्ची ती

(दृश्य: चाळीची लांब गॅलरी, रात्र. टोकाला एक पिवळा दिवा.)

गिरगावातली ही चाळ. खोल्या एका रांगेत आणि संडास पार त्या टोकाला. एरवी तीस पावलं. पण टीव्हीवर 'झी हॉरर शो' लागला की त्या रात्री हीच गॅलरी संपता संपायची नाही.

झी टीव्ही सुरू झाला ऑक्टोबर १९९२ मध्ये. हा कार्यक्रम पुढच्याच वर्षी आला.

(दृश्य: लाकडी शटरचा टीव्ही. शटर ओढणारा हात.)

हा टीव्ही आम्ही चोरबाजारातून आणला. चालत नाही, पण शटरचा खडखडाट ऐका. इथल्या ताई तेव्हा आठ वर्षांच्या. भूत यायच्या आधीच हात डोळ्यांवर. हात दोनच, त्यामुळे कान उघडे राहायचे.

हॉरर शो रामसे बंधूंचा. सात भाऊ, सगळा घरचाच कारभार. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यामागे, अर्जुन संकलनाला. आणि आवाजाला किरण. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं, हेही लक्षात असू द्या. रबरी मुखवटे आणि धूर सगळ्यांना आठवतात. किरण यांचं नाव मात्र सहसा कुणी घेत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम घेतोय.

१९९५ मध्ये सोनीवर बी. पी. सिंग यांची 'आहट' आली. तिचं तर नावच आवाजाचं. आपण चाहूल म्हणतो ती.

(दृश्य: ध्वनिमुद्रण स्टुडिओ. जमिनीवर खडीचा ट्रे, गाजरं, चामडी हातमोजे.)

हे दादा फोली कलाकार. पडद्यावर जे हलतं, त्याचा आवाज इथे बसून करायचा. हातमोजे झटकले की वटवाघूळ उडालं. ओल्या फडक्यात गुंडाळून गाजर मोडलं की मनगट गेलं. पाऊल खडीवर नेमकं पडद्यावरच्या पावलासोबत पडायला हवं. आमच्यासमोर सातव्या खेपेला जमलं.

आणि ते दार? दार नाहीच. ही मोडकी लाकडी खुर्ची. दादा तिच्यावर बसतात आणि वजन हळूच एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर नेतात. घाई केली तर नुसती खुर्ची वाजते. श्वास रोखून, सावकाश नेलं, की वाडा उघडतो.

(दृश्य: पुन्हा गॅलरी, दिवसा.)

ताई बारा वर्षांच्या होईपर्यंत रात्री एकट्या टोकाला गेल्या नाहीत. धाकटा भाऊ दाराबाहेर उभा राहून मोठ्याने पाढे म्हणायचा. अंथरूण ओलं झालं, मारही बसला.

(दृश्य: स्टुडिओ. ताई काचेच्या अलीकडे, कानांवर हेडफोन. खुर्ची त्यांनी आत्ताच हाताने हलवून पाहिलीय. पलीकडे दादा बसतात. किर्रर्र. ताईंचे हात डोळ्यांकडे जातात. निवेदन नाही.)