आधी कुठली सीडी?

घरातल्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, तर आधी कुठल्या, ते आज सांगणार आहे. सुरुवात आमच्या घरापासून करते. आबांच्या कपाटाला पाच फळ्या होत्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात आलं, तेव्हा त्यातल्या खालच्या दोन बुडाल्या. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोक्याची पातळी, आणि त्या वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर चिखलात दीडशेच्या आसपास सीड्या. त्यात व्हीसीडी होत्या, डीव्हीडी होत्या, लग्नाच्या, बारशाच्या, नाटकांच्या. आपल्याकडे सगळ्यालाच सीडी म्हणतात. मीही आज तसंच म्हणणार आहे, जिथं फरक महत्त्वाचा आहे तिथं वेगळं नाव घेईन.

त्या दीडशेतल्या कंपनीतून छापून आलेल्या बहुतेक सगळ्या वाचल्या. नळाच्या साध्या पाण्याखाली धरल्या, मऊ सुती कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसल्या आणि सावलीत उभ्या करून वाळवल्या. गोल गोल पुसायचं नाही, हे लक्षात ठेवा. सीडीवरची माहिती गोल वाटेनं लिहिलेली असते. त्या वाटेनं ओरखडा गेला तर सलग मजकूर जातो. आडवा गेला तर प्रत्येक फेरीत कणभर जातो आणि तेवढं यंत्र भरून काढतं.

गेल्या त्या घरी किंवा स्टुडिओत लिहून घेतलेल्या. कागदी स्टिकर भिजून सोलला, त्याच्याबरोबर चांदीसारखा थरही आला. भावाचं लग्न गेलं. पेठेतल्या गणेशोत्सवात पोरांनी केलेल्या नाटकाची एकुलती एक सीडी गेली. बाजारात कधीच मिळणार नव्हत्या, नेमक्या त्या गेल्या. मला खरा राग आला तो स्वतःच्या क्रमाचा. पुराच्या आधी दोन वर्षं मी सीड्या कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली होती, आणि पहिल्यांदा घेतले ते आवडते, गाजलेले सिनेमे. ते तर दर महिन्याला टीव्हीवर लागतात! म्हणून आज सॉफ्टवेअरबद्दल कमी आणि क्रमाबद्दल जास्त बोलायचं ठरवून आले आहे.

आबा इथल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. कार्बनच्या कांड्यांच्या उजेडात सिनेमा दाखवायचे ते दिवस. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, त्याच्या आत दुसरं मशीन तयार हवं. रीळ तुटलं की दोन्ही टोकं खरवडून फिल्म चिकटवायच्या सिमेंटनं जोडायची, आणि प्रत्येक जोडणीत एकदोन फ्रेम कायमच्या जायच्या. नव्या प्रिंटचा सिनेमा आणि वर्षभर गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटचा सिनेमा एक नसतो, असं ते सांगायचे. निवृत्तीनंतर व्हीसीडी आल्या. पुढे मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी विकायला काढली, तेव्हा पेन्शनच्या दिवशी आबा चार-पाच घेऊनच घरी यायचे. बहात्तराव्या वर्षी त्यांना स्वतःचा सिनेमा, स्वतःच्या हातात, न तुटणारा असा मिळाला होता. सीडी तुटत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

सिनेमाही कायमचा नाहीसा होतो, हे या गावाला तरी कुणी शिकवायला नको होतं. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२०चा, कोल्हापुरात घडलेला. त्या कंपनीचे किती मूकपट आज पाहता येतात? तुकडे सोडले तर जवळजवळ नाहीतच. जुन्या फिल्मा नायट्रेटच्या, पेट घ्यायला निमित्त पुरायचं. शिवाय फिल्मवर चांदी असायची, म्हणून जुनी रिळं चांदी काढायला विकली जायची. १९४८च्या जाळपोळीत दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. २००३ मध्ये पुण्यात, जिथं जुन्या फिल्मा जपून ठेवल्या होत्या त्याच कोठारात आग लागली आणि नायट्रेटची रिळं गेली. ‘प्रभात फिल्म कंपनी’ १९२९ साली इथंच सुरू झाली. तिचा १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ आपण आजही बघू शकतो, पण त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या पहिल्या भारतीय बोलपटाची, ‘आलम आरा’ची, एकही प्रत कुठं नाही. दोन्ही गाजलेले, दोन्ही सारख्याच फिल्मवरचे. एकाची प्रत कुठंतरी टिकून राहिली, दुसऱ्याची नाही.

आता घरातलं कपाट उघडा. पहिलं काम, प्रत्येक सीडी उलटी करून पाठ बघा. पाठ चांदीसारखी असेल तर ती बहुधा कारखान्यात छापलेली, तिच्यात माहिती खड्ड्यांच्या रूपानं दाबलेली असते. पाठ जांभळी, हिरवट किंवा निळसर असेल तर ती लिहिलेली. तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो, लेझरनं त्या रंगावर डाग पाडून माहिती लिहिलेली असते. तो रंग ऊन आणि उष्णतेनं फिका होतो. खिडकीजवळच्या शोकेसमध्ये मानानं ठेवलेली लग्नाची सीडी म्हणूनच सगळ्यात आधी जाते. लिहिण्याची सुरुवात मधून होते आणि शेवट कडेला. बिघाड बहुतेक वेळा कडेकडूनच आत येतो. तुमच्याकडे लग्नाची सीडी पाठवणीच्या वेळी अडकत असेल तर कारण हे आहे. अजून अर्धी चालते म्हणून थांबू नका, तिच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत.

तेव्हा पहिला ढीग जांभळ्या-हिरव्या पाठीचा. दुसरा ढीग व्हीसीडीचा. त्यातही आधी त्या, ज्या आज कुठं विकत मिळत नाहीत आणि कुठल्या ॲपवर दिसत नाहीत: लोकनाट्यं, ग्रामीण विनोदाचे छोटे मराठी सिनेमे, भजन-भारुडाची रेकॉर्डिंगं, शाहिरांचे पोवाडे. डीव्हीडी तिसऱ्या. ब्लू-रे कुणाकडे असतील तर त्या निवांत, शेवटी.

व्हीसीडी आधी का, ते सांगते. व्हीसीडीचा चांदीसारखा थर लेबलच्या अगदी खाली असतो, वर फक्त लॅकरचा एक हात. आपण जपतो खालची चकचकीत बाजू आणि नाव लिहितो वरच्या बाजूला टोकदार बॉलपेननं! खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा बऱ्याचदा पॉलिश होतो. वरचा ओरखडा म्हणजे माहितीच खरवडली. सीडी ट्यूबलाइटकडे धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला तो थर गेला. डीव्हीडीत हाच थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जास्त तग धरते. व्हीसीडीची आणखी एक दुबळी बाजू आहे. साध्या डेटाच्या सीडीत चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती भरलेली असते. व्हीसीडीत ती जागासुद्धा चित्राला दिली, तेव्हा कुठं एका सीडीवर ७४ मिनिटांचा सिनेमा मावला. म्हणून थोडंसं बिघडलं की लगेच चौकोन दिसायला लागतात.

घ्यायची कशी? व्हीसीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसेल, त्यात डीएटी फाइल, मिनिटाला साधारण १० एमबी. चांगल्या सीडीची ती फाइल नुसती कॉपी केली तरी व्हीएलसी प्लेअरवर चालते. सिनेमाच्या दोन-तीन सीड्या असतील तर फाइली एफएफएमपेग या सॉफ्टवेअरनं जोडा, चित्राला हात न लावता. ओरखडा आला की विंडोज मात्र अर्ध्यातच हात वर करतं. तिथं आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. न वाचलेली जागा रिकामी सोडून ते पुढं जातं, आणि सिनेमात क्षणभराचा झटका येतो, एवढंच.

ड्राइव्हचं एक सांगायलाच हवं. नवे, पातळ, यूएसबीचे ड्राइव्ह सोयीचे आहेत, पण खराब सीडी वाचण्यात जुन्या कॉम्प्युटरचा जाड ड्राइव्ह मला अनेकदा सरस वाटला. भंगारात चाललेल्या दोन कॉम्प्युटरचे ड्राइव्ह मी काढून ठेवलेत. एकाला न वाचता आलेला भाग दुसरा वाचतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता एका ड्राइव्हच्या नकारावर कुठलीही सीडी मी टाकून देत नाही.

२००८ साली शेजारच्या मुलानं हँडीकॅमवर आबांशी तासभर गप्पा मारल्या होत्या. कार्बन कसा लावायचा, हाऊसफुल्ल शोला मधेच वीज गेली तर पब्लिकला काय सांगायचं, असलं सगळं. त्यानं ती डीव्हीडीवर लिहून दिली, जांभळ्या पाठीची. आबा गेल्यावर लावली तर ३८ मिनिटांवर थांबली. तेव्हा मी डीडीरेस्क्यू शिकले. लिनक्सवरचं मोफत साधन आहे. काय वाचलं आणि काय राहिलं याची ते एका फाइलमध्ये नोंद ठेवतं, म्हणून ड्राइव्ह बदलून उरलेलंच काम पुढं नेता येतं. तीन ड्राइव्ह, दोन रात्री. शेवटची दीडेक मिनिटं सोडून सगळं आलं. त्या दीड मिनिटात ते काय बोलले, हे आता त्या मुलालाही आठवत नाही.

डीव्हीडीचं काम त्या मानानं सोपं. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडी उघडायची, सगळ्यात जास्त वेळ चालणारा भाग (तिथं त्याला ‘टायटल’ म्हणतात) निवडायचा, आवाजाचे हवे ते ट्रॅक आणि सबटायटल ठेवायचे आणि एमकेव्ही फाइल करून घ्यायची. चित्र जसं डीव्हीडीत होतं तसंच राहतं. पुष्कळ जण पुढं जाऊन हँडब्रेक या सॉफ्टवेअरनं ती फाइल लहान करतात. प्रवासात मोबाइलवर बघायला वेगळी लहान प्रत जरूर करा, पण मूळ फाइल पुसू नका. दुहेरी थराची डीव्हीडी जास्तीत जास्त साडेआठ जीबीची. अशा २०० डीव्हीडी धरल्या तरी १.७ टीबी होतात, चार टीबीच्या एका हार्ड डिस्कमध्ये आरामात बसतात. फाइल लहान करताना एकदा काढून टाकलेला तपशील पुन्हा येत नाही. व्हीसीडीचं चित्र मोठ्या टीव्हीवर भरड दिसतं, हे खरं आहे. ३५२ गुणिले २८८, म्हणजे लाखभर ठिपके, आणि फुल एचडी टीव्हीला लागतात वीस लाखांहून जास्त. हल्ली एआयनं चित्र धारदार करून देतात. मी एका जुन्या व्हीसीडीवर करून बघितलं. डोळे, दात, नथीचे मोती सगळं स्वच्छ झालं, आणि ती बाई वेगळीच कुणीतरी वाटायला लागली. मी ती फाइल पुसली.

कायद्याचा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून आधीच सांगते. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात खासगी वापरासाठी रास्त वापराची सूट आहे. २०१२च्या दुरुस्तीनं, हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनं सीडीवरचं कॉपी रोखणारं कुलूप तोडणं गुन्हा ठरवलं. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो. माझी शिस्त अशी: सीडी स्वतः विकत घेतलेली हवी, प्रत स्वतःच्या घरातच राहील, कुणाला पेनड्राइव्हवर द्यायची नाही, आणि मूळ सीडी फेकायची नाही.

फाइलींना नावं देताना वर्ष लिहाच. ‘सावकारी पाश’ नुसतं लिहिलंत तर कुठला? बाबूराव पेंटरांनी तो १९२५ साली मूक केला आणि १९३६ साली बोलका. प्रत्येक सिनेमाचा वेगळा फोल्डर, नाव आणि कंसात वर्ष. नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं. जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की घरातल्या टीव्हीवर पोस्टरांची रांग लागते, आणि माझ्या सासूबाई रिमोटनं आपला सिनेमा आपण लावतात. हिंदी-इंग्रजी सिनेमांची पोस्टरं ते इंटरनेटवरून आपोआप आणतं. छोट्या मराठी सिनेमांची बऱ्याचदा मिळत नाहीत. तिथं कव्हरचा कागद स्कॅन करा आणि मागची नावं स्वतः टाइप करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. त्या कागदावर ढोलकीवाल्याचं, मेकअपवाल्याचं नाव असतं, आणि बऱ्याचदा ते दुसरीकडे कुठंच छापलेलं नसतं. पुरात आमच्या सीड्या वाचल्या पण कागद लगदा झाले. चाळीसेक सिनेमांत कुणी काम केलंय, ते मला आजही पडद्यावरची नामावली थांबवून थांबवून लिहून घ्यावं लागतंय.

हार्ड डिस्कही मरते, म्हणून दोन घ्या. दुसरी त्याच कपाटात ठेवून उपयोग नाही. माझी दुसरी डिस्क पन्हाळ्याला नणंदेकडे असते, तिथवर पंचगंगा येत नाही. दरवर्षी मे महिन्यात ती खाली आणते, नवीन भर घालते आणि सगळ्या फाइलींचे चेकसम जुळवून बघते. चेकसम म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. मृगाच्या आत डिस्क परत गडावर.

निमंत्रणात लिहिलं होतं, येताना घरातली एक सीडी आणा. बऱ्याच जणांनी आणलेली दिसते. हे दोन जाड ड्राइव्ह आणि लॅपटॉप मी टेबलावर मांडलाय, साडेआठपर्यंत सभागृह आपल्याकडे आहे. सीड्या उलट्या करून धरा बघू. तिसऱ्या रांगेत, निळ्या साडीतल्या काकू, तुमची जांभळी दिसतेय. काय आहे तिच्यात? मुलीचं डोहाळजेवण? या, पुढं या. तुमच्यापासून सुरुवात करू.