कुंडीतला वाटाणा आणि सिनेमाची जुनी बाग

नमस्कार श्रोतेहो.

सिनेमावर बेतलेली करमणुकीची बाग जुनी झाली की कशी दिसते, हे वेगळं सांगायला नको. दाराशी क्लॅपची मोठी प्रतिकृती, तिच्यावरची अर्धी अक्षरं उडालेली. आत फायबरचा नायक उभा, त्याचं एक बोट तुटलेलं आणि तुटल्या जागी काचतंतूंची पांढरी लव. कारंज्याची निम्मी तोंडं बंद. आकाशपाळणा फिरतो, पण करकरतो. मुलं अर्ध्या तासात कंटाळतात आणि भेळेच्या गाडीकडे वळतात.

अशा वेळी पहिली सूचना हमखास एकच येते, नवा पाळणा आणा, आणखी उंच आणा. आज त्याच्या उलट सांगायचं आहे. सिनेमाच्या बागेत सिनेमा तयार होताना दिसला पाहिजे. पुन्हा सांगावंसं वाटतं, सिनेमाच्या बागेत सिनेमा तयार होताना दिसला पाहिजे, आणि तो मुलांच्या हाताने झाला पाहिजे. पाळणे जत्रेतही असतात. त्यासाठी कुणी तिकीट काढून सिनेमाच्या बागेत येत नाही.

हे नाशिकमध्ये बोलायचं, तर दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. शेवटची वर्षं नाशकातच काढली आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला इथेच देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. पण ही गोष्ट आहे १९१२ सालची, दादरच्या घरातली.

त्या वर्षी फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले, विमा गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशावर. तिथे चित्रण शिकले, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि एप्रिलमध्ये परत आले. कॅमेरा आला, कोरी फिल्म आली, तिला कडेची भोकं पाडायचं यंत्र आलं. ती भोकं अंधारात पाडावी लागत, कारण जरा उजेड लागला की फिल्म गेलीच. हे काम शिकल्या फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुणंही त्या शिकल्या. घर तयार, माणसं तयार. फक्त पैसा नव्हता. हलणारी चित्रं दाखवून पैसे मिळतील, यावर सावकाराचा विश्वास बसायचा कसा?

फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा लावला.

महिनाभर त्या कुंडीचं थोडं थोडं चित्रण होत राहिलं. शेवटी हातात आली मिनिटाहून जराशीच मोठी फिल्म. पडद्यावर माती हलते, अंकुर वर येतो, पानं उघडतात, बघता बघता वेल चढू लागतो. तिचं नाव ‘अंकुराची वाढ’. फाळक्यांनी ती निवडक लोकांना दाखवली आणि ज्यांनी पाहिली त्यांच्यातले काही कर्ज द्यायला तयार झाले. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले, पहिला मोठा चित्रपट पुरा झाला आणि ३ मे १९१३ ला तो गिरगावात लोकांसमोर आला. पण आधी होता तो वाटाणा.

आता या वाटाण्याचा हिशेब करू. कागद-पेन्सिल लागत नाही, ऐकता ऐकता होईल. चौकट म्हणजे फिल्मवरचं एक स्थिर चित्र. दिवसाला एकच चौकट घेतली असती, तर तीस दिवसांच्या तीस चौकटी झाल्या असत्या आणि खेळ दोन सेकंदांत आटोपला असता. मूकपटांच्या काळातला सेकंदाला १६ चौकटींचा वेग धरा. एक मिनिट भरायला लागतात ९६० चौकटी. ९६० भागिले तीस, म्हणजे दिवसाला ३२. रात्रीही काम चालू ठेवलं तर दर पाऊण तासाला एक, रात्री झोपायचं म्हटलं तर दिवसा त्याहून दाट. मिनिटभराच्या गंमतीमागे एवढी चिकाटी आहे. मुलांना ती सांगून कळत नाही. दाखवली की कळते.

म्हणून बागेत पहिली वस्तू बसवायची ती वाटाण्याची कुंडी.

दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी प्लायची पेटी घ्या. आतून काळा रंग द्या, चकाकणारा नको, मॅट. पुढच्या बाजूला काच. वर झरोके ठेवा आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी लावा. झरोके नसतील तर मातीतली वाफ काचेवर धरते आणि आठवड्यात मातीवर बुरशी येते. आत पांढरा एलईडी दिवा, दिवसरात्र चालू. बाहेरचा उजेड आत येऊ देऊ नका. ढग आला, ऊन पडलं, की चित्र काळंपांढरं लुकलुकतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

कॅमेरा साधा चालेल, पण त्याचं सगळं ‘ऑटो’ बंद करा. फोकस हाताने, उजेडाचं माप हाताने, रंगाचं माप हाताने. ऑटोवर ठेवलात तर पान वाढून पुढे आलं की कॅमेरा पानाकडे बघतो आणि वेल धूसर होतो. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा नाही, पेटीलाच नटबोल्टने आवळायचा. वीज अॅडॉप्टरवरून द्या, बॅटरीवर चालवू नका. बॅटरी बदलताना कॅमेरा केसभर जरी हलला, तरी पडद्यावर कुंडी उडी मारते. वीज जाते, तेव्हा छोटा यूपीएस हवाच.

पाणी वरून घालायचं नाही. वरून घातलं की माती उडते, खचते आणि रोप हलतं. कुंडीखाली बशी ठेवा, तिच्यात नळीने पाणी सोडा, माती खालून ओढून घेते. बी एक इंच खोल, कुंडीत पाच बिया, कॅमेरा मधल्या बीवर.

दर अर्ध्या तासाला एक चौकट. दिवसाला ४८, तीस दिवसांत १४४०. आजच्या सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने बरोबर एक मिनिट. एकाऐवजी तीन कुंड्या लावा, दहा-दहा दिवसांच्या अंतराने. म्हणजे बागेत कुणी कधीही आलं, तरी एक कुंडी अंकुरावर, एक पानांवर आणि एक वेलावर.

पेटीशेजारी पडदा आणि पडद्याखाली लोखंडी दांडा. मुलाने दांडा फिरवला की वाटाणा वाढतो. थांबवला की थांबतो. उलटा फिरवला की वेल मातीत परत जातो. जुन्या कॅमेऱ्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी जात आणि सेकंदाला दोन फेरे द्यायचे असत, म्हणून १६. तोच हिशेब इथे ठेवा. १४४० चौकटींना १८० फेरे, म्हणजे एका लयीत फिरवलं तर दीड मिनिट. पहिल्या खेपेला कुणालाच लय साधत नाही. वेल झटके देत वाढतो. तिसऱ्या खेपेला हात बसतो, मग तोंडात बोट घातल्यासारखं ते मूल गप्प होतं, कारण वेलाचे ते कोवळे तंतू हवेत गोल गोल फिरत आधार शोधताना दिसतात. नुसत्या डोळ्यांना हे कधी दिसत नाही.

दांड्याची एक सूचना लक्षात ठेवा. दिवसाला शेकडो मुलं तो फिरवणार. नुसत्या स्क्रूवर बसवलेला दांडा महिन्यात ढिला होतो. वीस मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट घ्या, दोन्ही बाजूंना बंद बेअरिंग, आणि दांडा आरपार पिन मारून बसवा. पिन मारा, स्क्रूवर भागवू नका. उंची अडीच फूट, म्हणजे पहिलीच्या मुलाचा हात पोचतो.

याच्या जोडीला एक अंधारी खोली. आत चौकटी नसलेली कोरी फिल्म आणि हाताने दाबायचं भोकं पाडायचं यंत्र. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका चौकटीमागे दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात. आत गेल्यावर हातांनी चाचपडत चार भोकं पाडायची, बाहेर येऊन उजेडात बघायची. कडेच्या रेषेत आली का? सरस्वतीबाईंनी हे काम रात्र रात्र केलं. बागेच्या पाटीवर फाळक्यांचं नाव जेवढ्या अक्षरात, तेवढ्याच अक्षरात त्यांचं असावं. याला आमचा आग्रहच आहे.

आणि आग्रहाचंच निघालं आहे तर हेही. सेल्फी पॉइंट आता पुरे झाले. प्रत्येक चौकात हृदयाचा आकार आणि शहराचं नाव. तेवढ्या पैशात सावलीची दोन बाकं होतात. आजीला बागेत आणतात आणि बसायला जागा नसते, ही कुठली रीत?

आता कारंजी, पुतळे, पाळणे. हे पटापट सांगतो.

कारंज्याचं तोंड बंद होतं ते बहुतेक वेळा क्षारांमुळे. बोअरचं पाणी जड असतं, नोझलच्या कडेला पांढरा थर धरतो. नोझल काढा, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, लिंबूफूल म्हणून किराणा दुकानात मिळतं तेच, त्यात दोन-तीन तास ठेवा आणि मऊ ब्रशने घासा. तार खुपसू नका, भोक वाकडं होतं आणि धार तिरपी उडते. पंपाच्या तोंडाशी जाळी हवी आणि पाणी उतरलं की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच हवा. पंप कोरडा चालला की सील जळतं. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर. कारंजं बंद ठेवायचं असेल तर आठवड्यातून एकदा हौद पूर्ण कोरडा करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा, विसरू नका.

फायबरच्या पुतळ्याला नुसता रंग मारू नका. उन्हाने वरचा थर खडूसारखा होतो, त्यावर रंग धरत नाही, पहिल्या पावसात पापुद्रे निघतात. आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, चिरेत काचतंतूंची मॅट आणि रेझिन भरायचं, वर जेलकोट, म्हणजे रेझिनचाच गुळगुळीत वरचा थर, मग ऊन सोसणारा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. आत लोखंडी सांगाडा गंजला असेल तर तो फुगून पुतळ्याला आतून फाडतो. म्हणून चीर पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल, तर पुतळा उघडून आत बघा. ही सगळी कामं फेब्रुवारी ते एप्रिल. पावसाच्या दमट हवेत रेझिन नीट घट्ट होत नाही.

पाळण्यांचं एकच सांगणं, पण दोनदा. रोज सकाळी रिकामा पाळणा तीन फेरे फिरवा. रोज सकाळी, रिकामा, तीन फेरे. कान देऊन ऐका. मग प्रत्येक पाळण्याची पिन आणि तिच्या टोकाची क्लिप हाताने तपासा, वहीत सही करा. वेल्डिंगची चीर डोळ्यांना दिसत नाही. जोड साफ करून लाल रंगद्रव मारायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि वर पांढरा फवारा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ उमटली की पाळणा बंद, त्या दिवशी रविवार असला तरी.

माणसांचं राहिलं. एकपडदा थिएटरात प्रोजेक्टर चालवणारे जुने ऑपरेटर गावात अजून आहेत. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका दिसला की शेजारच्या दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, पुन्हा ठिपका आला की पडदा त्या यंत्राकडे सोपवायचा, प्रेक्षकाला पत्ता लागू न देता. जुन्या प्रोजेक्टरचा उजेड ज्यांच्यामधल्या ठिणगीतून यायचा, त्या कार्बनच्या दोन कांड्यांमधलं अंतर कसं राखायचं हे त्यांच्या हातात आहे. शनिवार-रविवारी दोन तास मानधन देऊन त्यांना बागेत बसवा. एक जुना प्रोजेक्टर, एक रीळ आणि ते. मुलांना उरलेल्या फिल्मचा तुकडा हातात देऊन सोळा चौकटींचा एक फूट मोजायला लावतील. सिंहस्थाला २०२७ मध्ये बाहेरगावची माणसं लाखांनी येतील, तेव्हा दाखवायला हे हाताशी हवं.

कुंडीचं एक बाकी आहे. वाटाणा थंडीचा. आपल्याकडे दसरा ते दिवाळीच्या सुमारास पेरला तर छान वर येतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो मान टाकतो, तेव्हा मूग किंवा मटकी लावा. ते दहा दिवसांत पानावर येतात, म्हणून तिथे दर दहा मिनिटांना एक चौकट घ्या. दिवसाला १४४, दहा दिवसांत पुन्हा १४४०च. बी रात्रभर भिजत घाला आणि सकाळी पाण्यावर तरंगणारं काढून टाका, ते बहुतेक पोकळ निघतं. बुडालेलं तेवढंच पेरा.

नमस्कार.